पीएम किसान, नमो शेतकरी आणि अतिवृष्टीचं अनुदान: आमच्या गावात लोक रोज विचारतात ते प्रश्न

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका लहान गावातला. घरी साडेचार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. २०१९ पासून गावातल्या लोकांचं पीएम किसानचं स्टेटस बघून द्यायचं काम माझ्याकडे आलं ते आलंच, कारण तेव्हा गल्लीत बरा मोबाईल माझ्याकडे होता. अजूनही संध्याकाळी ओट्यावर दोन-चार जण आधार कार्ड घेऊन बसलेले असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाचे लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, मी जेवढी प्रकरणं बघितली त्यात पैसे वरूनच सुटले नाहीत असं फार कमी वेळा होतं, ते बहुतेक वेळा केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), बँकेतलं आधार, जमिनीची नोंद नाहीतर फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) या चारपैकी एका ठिकाणी अडकलेले असतात, आणि कुठं अडकले ते मोबाईलवर फुकटात दिसतं. त्यासाठी कोणाला ५०० रुपये द्यायची गरज नाही.

नेमके किती पैसे मिळतात आणि कोण देतं?

दोन वेगवेगळ्या योजना आहेत, लोक एकच समजतात. पीएम किसान केंद्राची, वर्षाला ६००० रुपये, २०००-२००० चे तीन हप्ते. एप्रिल ते जुलै एक, ऑगस्ट ते नोव्हेंबर दुसरा, डिसेंबर ते मार्च तिसरा. नमो शेतकरी महासन्मान निधी राज्याची, तिचेही वर्षाला ६०००, २०२३ च्या बजेटमध्ये जाहीर झाली आणि पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. म्हणजे दोन्ही धरून वर्षाला १२०००. दोन्ही हप्ते एकाच दिवशी येतील असं नसतं. कधी आलेत, जसं आमच्याच जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ ला पीएम किसानचा १८वा आणि नमोचा ५वा एकाच दिवशी सुटला, पण २०२५ मध्ये पीएम किसानचा २०वा २ ऑगस्टला आला आणि नमोचा ७वा ९ सप्टेंबरला. त्यामुळे एक आला दुसरा नाही म्हणून लगेच घाबरू नका.

शेजाऱ्याचे आले, माहे काऊन नाही आले?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा. शेजाऱ्याशी तुलना करून काहीच कळत नाही, आपलं स्टेटस बघा. पीएम किसानच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर "नो युवर स्टेटस" म्हणून जागा आहे, तिथं रजिस्ट्रेशन नंबर टाकायचा, नंबर माहीत नसेल तर तिथंच आधार नाहीतर मोबाईल नंबर टाकून तो काढता येतो. मग जे पान उघडतं त्यात तीन गोष्टी दिसतात, लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडलेली आहे का), ई-केवायसी आणि आधार बँक सीडिंग (सरकारी पैशासाठी आधारला बँक जोडलेली आहे का). तिन्हीसमोर "येस" पाहिजे. एकासमोर जरी "नो" असलं तरी हप्ता अडकतो, आणि जिथं "नो" आहे तेवढंच काम करायचं. लोक काय करतात, लँड सीडिंग "नो" असताना चार वेळा केवायसी करून येतात, दर वेळी गाडीभाडं आणि एक मजुरी जाते. आधी पान बघा मग घराबाहेर पडा.

त्याच पानावर खाली कोणता हप्ता कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत गेला ते पण लिहिलेलं असतं. निम्मे लोक तिथंच शांत होतात कारण पैसे आलेले असतात, फक्त दुसऱ्या खात्यात.

केवायसी कुठं करायची? अंगठा उमटत नाही.

आधारला मोबाईल जोडलेला असेल तर घरीच ओटीपीनं होते. नसेल तर सेवा केंद्रावर अंगठा लावून, तिथं ठरलेली फी १५ रुपये आहे. म्हाताऱ्या माणसांचे, जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बायकांचे अंगठे उमटतच नाहीत, हे मी दर आठवड्याला बघतो आणि त्या बिचाऱ्या आपलीच चूक असल्यासारख्या ओशाळतात. त्यांच्यासाठी २०२३ पासून ॲपमध्ये चेहऱ्यानं केवायसी करायची सोय आहे. दुसऱ्याच्या मोबाईलवरून पण होते, पोराच्या, नातवाच्या. उजेडात, भिंतीसमोर बसवा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. होऊन जाते.

बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, तरी "आधार बँक सीडिंग नो" का दाखवतं?

हे नीट समजून घ्या, यात सगळ्यात जास्त लोक फसतात. बँकेत आधारची झेरॉक्स देणं, खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी ते खातं एनपीसीआयच्या, म्हणजे बँकाबँकांतले पैसे फिरवणाऱ्या संस्थेच्या, यादीत चढवणं वेगळं. सरकार पैसे पाठवतं ते तुमच्या आधार नंबरवर पाठवतं, खाते नंबरवर नाही. त्या आधारसमोर एनपीसीआयकडे ज्या बँकेचं नाव आहे तिकडे पैसे जातात. एका आधारला एकच बँक राहते आणि शेवटी जी चढवली ती चालते.

आमच्या वडिलांचंच सांगतो. त्यांचे दोन हप्ते दिसेचनात, मी बँकेत तीन चकरा मारल्या, दर वेळी "लिंक आहे, तुम्हीच नीट बघा" एवढंच उत्तर. शेवटी माय आधारच्या साईटवर जाऊन बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर तिथं भलतीच बँक. काही वर्षांपूर्वी गावात टेबल टाकून शून्य रुपयात खाती उघडून देत होते, तेव्हा वडिलांनी अंगठा दिलेला, त्या खात्याचं पासबुकसुद्धा घरात नव्हतं. ४००० रुपये तिथं पडून होते. तेव्हा ऐन पेरणी तोंडावर होती आणि आम्ही बियाण्यासाठी हातउसने घेतले होते, पैसे आपलेच असून.

तर करायचं काय, माय आधारवर बँक कोणती दिसते ते बघा. जुनं खातं सापडलं तर पैसे तिथून काढून घ्या. मग जी बँक पाहिजे तिथं जाऊन आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटीचा (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याचा) फॉर्म भरा, बोलताना "आधार लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग करा" म्हणा, आणि फॉर्मवर पोच घ्या. बँक फारच टोलवत असेल तर पोस्टात पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा, पोस्टमन घरी येऊन पण काढून देतो.

"एफटीओ जनरेटेड", "आरएफटी साइन्ड" असं काहीतरी दिसतं, म्हणजे काय?

आरएफटी साइन्ड म्हणजे राज्यानं तुमचं नाव तपासून पैसे पाठवायची विनंती केली. एफटीओ म्हणजे पैसे पाठवायचा आदेश निघाला, बँकेत पडायचे बाकी आहेत. दोन्ही चांगल्या खुणा आहेत, थांबा थोडं.

लँड सीडिंग "नो" आहे. तलाठी म्हणतात कृषीकडे जा, कृषीवाले म्हणतात तलाठ्याकडे.

खरं आहे, आणि यात शेतकऱ्याचा विनाकारण फुटबॉल होतो. जमिनीची नोंद महसूलची आणि योजना कृषीची, म्हणून दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर असतात. पदांची नावं पण बदललीत, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायक आता सहायक कृषी अधिकारी, कागदावर हे दिसलं तर गोंधळू नका, माणूस तोच. माझा अनुभव असा की चालू सातबारा, आठ अ (आपल्या नावावरच्या जमिनीचा खातेउतारा), आधार आणि जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर असल्याचा फेरफार (मालकी बदलाची नोंद), एवढं एकत्र लावून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयांत निघतो, त्यासाठी तलाठ्याची वाट बघायची गरज नाही.

ही १ फेब्रुवारी २०१९ काय भानगड आहे? माझ्या नावावर २०२१ ला जमीन आली.

योजनेचा नियम असा की १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर शेती होती तो पात्र. त्यानंतर विकत घेतली, बक्षीसपत्र झालं, वडील हयात असताना वाटणी करून मुलांच्या नावावर केली तर त्या नव्या मालकाला मिळत नाही. सूट फक्त एकाच गोष्टीला, आधीचा मालक वारला आणि वारसानं जमीन आली तर.

यात सगळ्यात जास्त नुकसान झालं ते ज्यांनी चांगुलपणानं कागद सरळ केले त्यांचं. आमच्याच गावात तीन भावांनी भांडण नको म्हणून वडिलांच्या हयातीत २०२० ला वाटणी करून घेतली, वडिलांच्या नावावर गुंठाभर राहिली नाही, मग वडिलांचा हप्ता बंद आणि तिन्ही भाऊ तारखेमुळे बाहेर. शेती तीच, माणसं तीच, मेहनत तीच. मला हा नियम पटत नाही, २०१९ नंतर खऱ्या शेतकऱ्यांच्या नावावर जमिनी आल्याच की, पण मला पटत नाही म्हणून अर्ज मंजूर होत नाही, आणि कोणी "पैसे द्या, तारीख सेट करून देतो" म्हणत असेल तर ते खोटं आहे, पुढे वसुली निघते ती तुमच्यावर निघते. २०२५ पासून तर अशी आणि एकाच घरात दोन लाभार्थी असलेली नावं शोधून हप्ते थांबवलेत, तपासणी झाल्याशिवाय सुटत नाहीत.

वाटणी करायचीच असेल तर वडिलांच्या नावावर थोडी तरी शेती राहू द्या, एवढंच मी सांगू शकतो.

वडील वारले. त्यांचा हप्ता आईला मिळेल का?

वडिलांचा हप्ता तसाच चालू ठेवता येत नाही. आधी मृत्यूची माहिती द्या, नाहीतर वारल्यानंतर आलेले हप्ते परत मागतात. मग वारसनोंद करा. २०२५ ला सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली, बुलडाण्यात सुरू झाली आणि १ एप्रिलपासून सगळ्या राज्यात, त्यात मयत खातेदारांच्या वारसनोंदी बिनापैशात करून दिल्या. फेरफार मंजूर झाला, आईचं नाव सातबाऱ्यावर आलं की आईच्या नावानं नवी नोंदणी करायची. सोबत वारस फेरफार, मृत्यू दाखला आणि वडिलांचं आधार ठेवा, आधीच्या मालकाची माहिती विचारतात. वडिलांचं आधार कार्ड फेकू नका हो, दहाव्याच्या गडबडीत कागदं इकडे तिकडे होतात आणि वर्षभर शोधत बसावं लागतं.

नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. दोघांना मिळेल?

नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. एका कुटुंबात एकालाच. म्हणूनच नव्या नोंदणीला नवरा, बायको, मुलं सगळ्यांचं आधार मागतात. दोघांनी घेतलं असेल तर एकानं स्वतःहून बंद करा.

मुलगा पोलीसमध्ये आहे. बापाला चालेल का?

चालतं. सज्ञान मुलगा कुटुंबात धरत नाहीत, बापाची जमीन बापाच्या नावावर आहे तर त्याला मिळतं. पण बायको शिक्षिका असेल तर नवऱ्याला मिळत नाही. सरकारी नोकरदार आणि निवृत्त यांना नाही, मात्र चतुर्थ श्रेणी, शिपाई वगैरे यांना सूट आहे. पेन्शन महिन्याला १०००० किंवा जास्त असेल तर नाही, तिथंही चतुर्थ श्रेणीला सूट. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए जे नोंदणी करून धंदा करतात त्यांना नाही. आमदार-खासदार, आजी-माजी मंत्री यांना अर्थातच नाही.

ट्रॅक्टरच्या लोनसाठी रिटर्न भरलं, आता हप्ता जाईल?

नियमात शब्द आहे टॅक्स भरलेला. नुसतं रिटर्न भरलं आणि टॅक्स शून्य असेल तर त्यात येत नाही. मागच्या आकारणी वर्षात खरोखर टॅक्स भरला असेल तर अपात्र. आमच्या इकडे एजंट लोक लोनसाठी उत्पन्न फुगवून रिटर्न भरतात आणि चार-पाचशे रुपये टॅक्स पण भरून टाकतात, शेतकऱ्याला माहीत पण नसतं. भरायच्या आधी विचारा काय लिहिलं म्हणून.

पैसे परत करायची नोटीस आली.

आधी बघा नोटीस खरी आहे का, तहसील नाहीतर कृषी कार्यालयात जाऊन. खरंच अपात्र असाल तर भरा, पीएम किसानच्या साईटवर ऑनलाईन परत करायची सोय आहे, पावती जपून ठेवा. चुकीनं आली असेल तर पुरावे लावून लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका.

नमोसाठी वेगळा फॉर्म कुठं भरायचा?

कुठंच नाही. पीएम किसानची यादी हीच नमोची यादी. तिकडे हप्ता थांबला की इकडेही थांबतो. "नमोचा फॉर्म भरून देतो २०० रुपये" म्हणणाऱ्याला सोडून द्या.

लाडकी बहीणचे १५०० ऐवजी ५०० च येतात, का?

तुमच्या नावावर जमीन आहे आणि पीएम किसान, नमो दोन्ही तुम्हाला मिळतात म्हणून. दोन्हीचे वर्षाचे १२००० म्हणजे महिन्याला १००० धरतात आणि वरचा फरक ५०० देतात. कापले नाहीत, ठरलेलंच आहे तसं.

फार्मर आयडी नाही काढला तर काय होतं?

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना तो लागतो, म्हणून काढाच. पण काढून काम संपत नाही. त्यात तुमचे सगळे गट, म्हणजे जमिनीचे सगळे तुकडे, आलेत का ते बघा, घाईघाईत एकच गट जोडून दिलेले लोक मी कितीतरी बघितले, दोन ठिकाणी शेती आणि आयडीत एकच, मग नुकसानभरपाईच्या वेळी दुसरा गट मोजलाच जात नाही. नावातला फरक पण बघा, आधारवर पांडुरंग आणि सातबाऱ्यावर नुसतं पांडू असलं की अर्ज मंजुरीला अडकतो.

मी दुसऱ्याची शेती बटईनं करतो, मला काय?

पीएम किसान आणि नमोत काहीच नाही. पैसे सातबाऱ्यावरच्या मालकाला. राबणारा एक आणि पैसे घेणारा शहरात बसलेला, असं आमच्या शिवारात बरंच आहे आणि या योजनेतली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

अतिवृष्टीचे पैसे कसे मोजतात? माझे एवढे कमीच का आले?

एका महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मग पंचनामा होतो, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान पाहिजे. ठरलेला दर कोरडवाहूला हेक्टरी ८५००, बागायतीला १७००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२५००, आणि तेही २ हेक्टरपर्यंत. २०२५ ला सप्टेंबरच्या पुरानंतर राज्यानं मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०००० वेगळे जाहीर केले, ७ ऑक्टोबरला ३१६२८ कोटींचं पॅकेज म्हणून सांगितलं ते हेच.

आता हिशोब करा. २ एकर सोयाबीन म्हणजे ८० आर, ०.८० गुणिले ८५००, ६८०० रुपये. एकरी ३४०० झाले. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी धरली तर याच्या कितीतरी पट खर्च झालेला असतो हे मला माहीत आहे, माझं पण तेच झालं. पण तुमचे ६८०० च्या ऐवजी २००० आले असतील तर मात्र चूक शोधायची. बहुतेक वेळा पंचनाम्यात क्षेत्र कमी लिहिलेलं असतं, नाहीतर ई-पीक पाहणी (मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद) केलेली नसते, नाहीतर सोयाबीनच्या जागी पड, म्हणजे न पेरलेली जमीन, लिहिलेली असते. यादी ग्रामपंचायतीत लावतात, तिथं जाऊन आपलं नाव, गट आणि क्षेत्र वाचा, मोबाईलनं फोटो काढा. यादीत तुमच्या नावासमोर विशिष्ट क्रमांक दिला असेल आणि केवायसी करायला सांगितलं असेल तर सेवा केंद्रावर करून घ्या, त्याच्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

ई-पीक पाहणी दर हंगामात स्वतः करा. २०२१ पासून ते काम आपल्या हातात दिलंय. बांधावर उभं राहून फोटो काढायला दहा मिनिटं लागतात, रेंज नसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

सातबारा सामाईक आहे, चार भाऊ.

पीएम किसानला अडचण नाही, प्रत्येक भावाचं कुटुंब वेगळं, प्रत्येकाला मिळतं. अतिवृष्टीच्या पैशाला मात्र बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात, एकाच्या खात्यात जमा होतात. एक भाऊ पुण्यात असला की सही अडते. दिवाळीला सगळे घरी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा.

आलेले पैसे बँकेनं कर्जात वळते केले किंवा होल्ड लावला.

असं करू नये म्हणून नैसर्गिक आपत्तीच्या वेळी प्रशासन बँकांना सूचना देतं, तरी होतं. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, त्याची एक प्रत तहसीलदारांना. तोंडी भांडून माघारी येऊ नका.

१ रुपयात पीकविमा होता तो कुठं गेला?

२०२३ ला सुरू झाला, २०२५ च्या खरिपापासून बंद. आता विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्के भरायचे. त्याहून मोठा बदल म्हणजे आधी शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवायचो, ते कलम २०२५ ला गेलं, आणि मंडळात पीक कापणी प्रयोगात (ठरवलेल्या शेतातलं पीक कापून वजन करतात) उत्पन्न कमी निघालं तरच भरपाई असं ठरलं. म्हणून आपल्या मंडळात कापणी प्रयोग कोणत्या शेतात आहे ते विचारून तिथं जाऊन उभे रहा, वजन डोळ्यांसमोर होऊ द्या. गावातल्या चार पोरांनी एवढं केलं तरी खूप आहे.

ठिबकचं अनुदान किती?

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या योजनांच्या साईटवर अर्ज, अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५, राज्याचं पूरक धरून. पूर्वसंमती यायच्या आधी सामान आणू नका.

व्हॉट्सॲपवर पीएम किसानची फाईल आली, उघडू का?

अजिबात नाही. एपीके नावाची फाईल असेल तर ती मोबाईलमध्ये टाकली की खातं साफ होतं. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. ओटीपी विचारणारा फोन आला की ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, सकाळी बघू म्हणून थांबू नका, आणि घरात कोणी रागावेल म्हणून लपवून पण ठेवू नका.

चुकून "सरेंडर" दाबलं गेलं.

नातवानं मोबाईल घेतला आणि लाभ सोडायचं बटण दाबलं, असं आमच्याकडे झालंय. ते मागे घ्यायचा पर्याय साईटवर आहे, नाही जमलं तर तालुका कृषी कार्यालय.

तक्रार कुठं करायची?

फोन १५५२६१ किंवा ०११-२४३००६०६, लागत नाही लागत नाही करत दुपारी लागतो. साईटवर तक्रार टाकता येते, तिचा नंबर लिहून ठेवा. तालुक्याला जाताना सातबारा, आठ अ, फेरफार, आधार, पासबुक आणि स्टेटसच्या पानाची प्रिंट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच करून न्या, ऑफिससमोर गर्दीच्या दिवशी झेरॉक्सलाच तासभर लागतो. बाजाराचा दिवस टाळा. आणि अर्जावर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.